जकात घेणारा न्यायाधीश: माहीम, १६७०

मुंबईतल्या न्यायदानाची गोष्ट सांगताना बहुतेक जण फोर्टातल्या उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतीपासून सुरुवात करतात. ती इमारत १८७८ साली उभी राहिली. त्याच्या दोनशे वर्षे आधी, १६७० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने या बेटावर दोन न्यायालये बसवली आणि त्यांतले एक माहीमला होते. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याने बेटाचे दोन भाग केले. मुंबई, माझगाव आणि गिरगाव एकीकडे. माहीम, परळ, शीव आणि वरळी दुसरीकडे. प्रत्येक भागासाठी पाच जणांचे न्यायमंडळ होते. झेराफिन हे पोर्तुगिजांच्या काळापासून इथे चालत आलेले नाणे. अशा पाच झेराफिनपर्यंतच्या चोऱ्या आणि तसल्याच किरकोळ तक्रारी या मंडळाने ऐकायच्या. त्यावर अपील करायचे असेल तर डेप्युटी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलपुढे. परळच्या, वरळीच्या, शीवच्या माणसाला दाद मागायला तेव्हा माहीमला यावे लागे.

या मंडळाच्या अध्यक्षस्थानी बसत असे माहीमचा जकात अधिकारी.

त्या काळचे माहीम म्हणजे बेटाचे उत्तरेकडचे दार. खाडीपलीकडे वांद्रे आणि साष्टी, तिथे पोर्तुगिजांचे राज्य. खाडी ओलांडून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कंपनी जकात घेई. गावात कोळी, माडांवर चढणारे भंडारी, शेतकरी, कोकणी मुसलमान, पोर्तुगिजांनी बाटवलेले ख्रिस्ती अशी मिश्र वस्ती होती. आता असे समजा की एखाद्या भंडाऱ्याला वाटले, आपल्याकडून जकात जास्त घेतली. त्याने तक्रार न्यायमंडळापुढे नेली, तर समोर बसलेला मुख्य न्यायाधीश जकात घेणाराच असायचा. त्याचा पगार कंपनीकडून, नेमणूक कंपनीची आणि त्याची बढती कंपनीच्या तिजोरीत किती भर पडते यावर. तो माणूस सज्जन असेलही. पण सज्जनपणावर भरवसा ठेवून जगण्याची पाळी त्या भंडाऱ्यावर येते. नि:पक्ष न्यायालय का हवे याचे उत्तर मला तरी या माहीमच्या मांडणीत सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून पुढच्या साडेतीनशे वर्षांकडे मी तीन प्रश्न घेऊन पाहतो: न्यायाधीशाला नेमतो कोण, पगार देतो कोण आणि काढू शकतो कोण?

माहीमला न्यायासनाचा मान याहून जुना आहे. ज्यांच्या दर्ग्यामुळे माहीमचे नाव दूरवर पोचले ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) कुराणाचे मोठे भाष्यकार होते, आणि गुजरातच्या सुलतानाच्या काळात ते माहीमचे काझी, म्हणजे न्यायाधीश होते, असे परंपरा सांगते. दरवर्षी डिसेंबरात उरूस भरतो तेव्हा मुंबई पोलीस वाजतगाजत संदल आणि चादर घेऊन येतात. तो मान त्यांचा आहे. कायद्याचा दंडा ज्यांच्या हातात आहे त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीच्या काझीपुढे वाकावे, ही प्रथा मला फार अर्थपूर्ण वाटते.

आंजियर साधा माणूस नव्हता. जकात अधिकाऱ्याच्या न्यायावर हे बेट चालणार नाही हे त्याला दोनच वर्षांत उमगले. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले होते. इथे वस्ती वाढवायची, सुरतेचा व्यापारी आणि साष्टीचा कारागीर ओढून आणायचा, तर त्यांना एक खात्री हवी होती: आपला माल आणि जीव इथे सुरक्षित राहील आणि भांडण झाले तर आपलेही म्हणणे ऐकले जाईल. १६७२ मध्ये त्याने पोर्तुगीज कायदा बंद करून इंग्रजी कायदा लागू केला. बेटाचे मुंबई, माहीम, माझगाव आणि शीव असे चार विभाग केले आणि प्रत्येकात एक जस्टिस ऑफ द पीस नेमला. सगळ्यांच्या वर एक न्यायालय बसवले आणि जॉर्ज विल्कॉक्स याला त्याचा न्यायाधीश केले.

८ ऑगस्ट १६७२ रोजी या न्यायालयाचे उद्‌घाटन झाले. त्या दिवशीच्या मिरवणुकीचे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे लालबागची मिरवणूक येते. हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेत पुढे. मागून वीस हिंदू, वीस मुसलमान, वीस ख्रिस्ती, आपापल्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून. घोड्यांवर कर्णे आणि नगारे. राजाची सनद वस्त्रात बांधून घेतलेला घोडेस्वार चिटणीस. त्यामागे न्यायाधीश, कौन्सिलचे सभासद, पालखीत गव्हर्नर. मिरवणूक बाजारातून न्यायालयात पोचली. शपथा झाल्या आणि मग आंजियर बोलला.

त्याच्या भाषणाचा आशय असा. या बेटावर इंग्रज आहेत, पोर्तुगीज आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. पण या आसनावर बसलात की सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहा. गरीब, पोरका, विधवा आणि परका या चौघांचा उल्लेख त्याने वेगळा केला. आणि पुढे तो म्हणाला की कायदा आणि न्यायबुद्धी सांगत असेल तर माझ्या अधिकाऱ्यांविरुद्ध, माझ्याविरुद्ध, खुद्द कंपनीविरुद्धही निकाल द्या. तसे केलेत तर मी तुमचे रक्षण करीन.

हे शब्द १६७२ चे आहेत हे लक्षात घेतले की त्यांचे नवल कळते. खुद्द लंडनमध्ये तेव्हा न्यायाधीश राजाच्या मर्जीवर जगत होते. चार्ल्स दुसरा आणि त्याच्यामागून जेम्स दुसरा नकोसे न्यायाधीश सरळ घरी पाठवत. चांगल्या वर्तणुकीपर्यंत न्यायाधीशाला हलवता येणार नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात १७०१ साली आले. जी हमी लंडनच्या न्यायाधीशाला नव्हती ती इथे एक व्यापारी कंपनीचा गव्हर्नर तोंडाने देत होता.

तोंडाने दिलेली हमी त्या माणसाबरोबर जाते. आंजियर १६७७ मध्ये सुरतेला वारला. दशकभरातच वारे किती फिरले ते अलेक्झांडर हॅमिल्टन या कप्तानाने लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये कंपनीचा सर्वेसर्वा असलेला जोशिया चाइल्ड याने जॉन व्हॉक्स याला मुंबईचा न्यायाधीश म्हणून पाठवताना आपल्या हुकुमांप्रमाणे वागायला बजावले. इंग्लंडचा कायदा हाच माझा मार्गदर्शक राहील, असे व्हॉक्सने कळवले तेव्हा चाइल्ड भडकला. इथे चालतील ते माझे हुकूम, इंग्लंडचे कायदे अडाणी लोकांनी केले आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. हॅमिल्टन कंपनीचा टीकाकार होता, त्यामुळे किस्सा थोडा रंगवलेला असू शकतो. पण न्यायाधीशाला नोकर समजण्याची कंपनीची वृत्ती इतर प्रसंगांतूनही दिसतेच. पुढे १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने बेटावर स्वारी केली, माहीम आणि माझगाव घेतले आणि कंपनीचे लोक किल्ल्यात कोंडले गेले. सिद्दी वर्षभराने निघून गेला. न्यायालय मात्र १७१८ पर्यंत पुन्हा उभे राहिले नाही.

२५ मार्च १७१८ रोजी ते उघडले तेव्हा मुख्य न्यायाधीशाच्या जोडीला नऊ जण होते. पाच इंग्रज आणि चार इथले: हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिस्ती यांचे प्रतिनिधी. कागदावर ही रचना उदार दिसते. पण इंग्रज न्यायाधीश कंपनीच्याच कौन्सिलचे, आणि कौन्सिल गव्हर्नरचे.

दोन वर्षांत या रचनेची परीक्षा रामा कामतीने पाहिली. तो शेणवी होता, धनाढ्य होता, कंपनीच्या भंडारी शिपायांचा म्होरक्या होता. वाळकेश्वरचे देऊळ त्याने १७१५ मध्ये नव्याने बांधले. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले तेव्हा आपल्या जातभाईंना घेऊन तो सोहळ्याला हजर होता. कंपनीच्या विश्वासातला याहून मोठा एतद्देशीय तेव्हा मुंबईत क्वचितच असेल.

त्या वर्षांत गव्हर्नर चार्ल्स बून कान्होजी आंग्र्यांवर मोहिमा काढत होता. विजयदुर्ग घेता आला नाही, खांदेरी घेता आली नाही. प्रत्येक मोहीम फसली की कोणीतरी फितूर आहे असे म्हणणे सोयीचे होते. १७२० मध्ये रामा कामतीला पकडले. आंग्र्यांना गुप्त पत्रे पाठवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून ते पिळले आणि तो हवे ते बोलला. ऐकीव गोष्टी साक्ष म्हणून चालल्या. आरोप ठेवणारे सरकार आणि निवाडा करणारे लोक एकाच पंक्तीतले होते. रामा कामतीला जन्माची कैद झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि तो कैदेतच मेला. ती पत्रे बनावट होती हे नंतर उघड झाले.

आंजियरचे भाषण होऊन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. गव्हर्नरच्या विरुद्ध निकाल द्या, हे सांगणारा आता कोणी नव्हता, आणि निकाल देणाऱ्याला सांभाळणारी कोणतीही तरतूद नव्हती. रामा कामतीचा खटला मुंबईच्या शाळांतून शिकवला जावा असे मला मनापासून वाटते. वाळकेश्वरला रोज शेकडो माणसे जातात. देवळाच्या इतिहासातले हे पान त्यांना कोणी सांगत नाही.

यानंतरचे शतक चटकन ओलांडता येते. १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट आले. १७३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या एका शिंपी बाईने आपला मुलगा परत मागितला आणि मेयर्स कोर्टाने तिचे ऐकले. गव्हर्नर कोवानने मग कोर्टाचा अधिकारच नाकारला. १७५३ च्या नव्या सनदेने मेयर नेमण्याची सूत्रे गव्हर्नरकडे सोपवली, म्हणजे कटकट मुळातून काढली. १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट आले आणि ८ मे १८२४ रोजी मुंबईचे सर्वोच्च न्यायालय. त्याचे न्यायाधीश राजाने नेमलेले होते, कंपनीने नव्हे. या एका फरकाने काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट याने शहरातल्या मॅजिस्ट्रेटांनी बेकायदा दिलेल्या फटक्यांच्या आणि हद्दपारीच्या शिक्षांवर बोट ठेवले. गोऱ्या अधिकाऱ्यांना ते झोंबले. १८२८ मध्ये पुण्याहून मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाचे प्रकरण आले. पांडुरंग रामचंद्र ढमढेरे या सरदाराने, म्हणजे त्याच्या वडीलधाऱ्या आप्तानेच, त्याला वाड्यात अडकवून ठेवले आहे अशी तक्रार होती. न्यायालयाने मुलाला समोर हजर करा असा हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश या कैद्याबद्दलही असाच हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम खवळला. इंग्रजांनी पेशवाई बुडवून दहाच वर्षे झाली होती. पुण्याच्या सरदारांना मुंबईच्या कोर्टात खेचले तर त्यांचा मान जाईल आणि राज्य डळमळेल, असे त्याचे म्हणणे. त्याने न्यायाधीशांना पत्र लिहून असे हुकूम न काढण्याविषयी कळवले.

ऑगस्टमध्ये वेस्ट वारला होता. उरलेले दोघे, चेंबर्स आणि सर जॉन पीटर ग्रँट, यांनी ते पत्र गैर ठरवले: न्यायासनाला पत्र लिहून काय करावे ते सांगण्याचा अधिकार गव्हर्नरला नाही. ऑक्टोबरात चेंबर्सही वारला. ग्रँट एकटा राहिला. त्याचा हुकूम सरकार पाळेना. तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी त्याने न्यायालयच बंद केले. हुकुमाला किंमत नसेल तर दार उघडे ठेवून लोकांना फसवायचे कशाला, ही त्यामागची भूमिका. लंडनला प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला तो ग्रँटच्या विरुद्ध: मुंबईबाहेरच्या अशा लोकांवर या न्यायालयाचा अंमल नाही.

कायद्याच्या मुद्द्यावर माल्कमची बाजू अगदी पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण हद्दीचा प्रश्न वरच्या न्यायालयात सोडवायचा असतो, चालू प्रकरणात न्यायाधीशाला पत्र पाठवून नव्हे. सरकारच्या मनात काय होते ते लॉर्ड एलेनबरोच्या खासगी पत्रातून फुटले. भारताचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा हा अध्यक्ष. त्याने माल्कमला कळवले होते की ग्रँटच्या दोन्ही बाजूंना दोन न्यायाधीश असे नेमू की तो दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानटी हत्तीसारखा होईल. पत्र छापून आले आणि गवगवा झाला. नेमणुकीच्या अधिकाराने न्यायालय कसे वाकवता येते याची इतकी उघड कबुली सत्ताधाऱ्याच्या हातची क्वचितच सापडेल. मुंबईच्या हिंदू, पारशी आणि मुसलमान रहिवाशांनी मात्र वेस्टच्या नावाने वर्गणी काढून विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. आपल्यासाठी कोण उभे राहिले हे त्यांना चांगले कळले होते.

१८६२ मध्ये उच्च न्यायालय आले, तरी न्यायाधीश राणीच्या मर्जीवरच राहिले. माहीमला लागून असलेल्या दादरच्या रानडे रोडवर खरेदीला जाणाऱ्यांना ज्यांचे नाव रोज घ्यावे लागते त्या महादेव गोविंद रानड्यांना याची झळ बसली. पुण्यात सबजज्ज असताना सरकारला त्यांच्या सार्वजनिक कामाचा संशय आला. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांचे बंड आणि पुण्यातल्या बुधवार वाड्याची आग यानंतर त्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवले. तिथे त्यांचे टपाल फोडून वाचले जाई. न्यायाधीशावर पाळत ठेवणारे सरकार आणि सरकारविरुद्ध दाद मागणारा पक्षकार, दोघांनाही त्याच न्यायाधीशापुढे यायचे होते. रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या समकालीन बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला. आधी तो नाकारला गेला होता. मर्जीवरच्या न्यायाधीशानेही ताठ कणा दाखवल्याचे हे उदाहरण आहे. पण ते धैर्य तय्यबजींचे होते, व्यवस्थेचे नव्हते.

ते धैर्य व्यवस्थेत घालण्याचे काम राज्यघटनेने केले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले आणि दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहिलेले डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेप्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा पगार राज्याच्या संचित निधीवर थेट पडतो, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत झाल्याशिवाय त्यांना काढता येत नाही. त्यांच्या न्यायालयीन वागणुकीवर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. आणि अनुच्छेद ५० राज्याला सांगतो की न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करा. हे शेवटचे कलम कशासाठी, असे वाटत असेल तर जिल्ह्यातला तेव्हाचा मामलेदार आठवावा. शेतसारा वसूल करणारा मामलेदारच मॅजिस्ट्रेट म्हणून खटले चालवत असे. माहीमच्या जकात अधिकाऱ्याची ती रचना पावणेतीनशे वर्षे गावोगाव जिवंत होती. मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने ती मोडायला घेतली. साऱ्या देशात ती १९७४ मध्ये नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर संपली.

या तरतुदींनी काय साधले? कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी १९६४ पासून भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ते पाठवू द्या म्हटले. सरकार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिथेही हरले. युद्धाचे दिवस होते, माणूस सरकारचा कट्टर विरोधक होता, आणि प्रश्न अणूवरच्या एका मराठी पुस्तकाचा होता. तरीही राज्य हरू शकले.

दहा वर्षांनी आणीबाणीत कसोटी आणखी कडक झाली. वकिलांच्या एका खासगी सभेला पोलिसांनी मनाई केली तेव्हा न्यायमूर्ती तुळजापूरकर आणि गटणे यांनी ती मनाई रद्द केली. मिनू मसानींच्या मासिकावरची सेन्सॉरची बंधने न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी उठवली. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार उघडे आहे असे म्हणणाऱ्या नऊ उच्च न्यायालयांत मुंबई होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी ते दार बंद केले, चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केले गेले. एलेनबरोची युक्ती जुनी झालेली नव्हती.

माहीमकरांना अगदी दारातले उदाहरण हवे असेल तर शिवाजी पार्क आहे. १९२७ पर्यंत त्याचे नाव माहीम पार्क होते. भोवतालच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते शांतता क्षेत्र ठरवले. सगळ्या पक्षांच्या सभांवर त्याने मर्यादा आली. २०२२ मध्ये दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेच्या दोन्ही गटांना महापालिकेने परवानगी नाकारली तेव्हा त्याच न्यायालयाने महापालिकेचा निर्णय चुकीचा ठरवून एका गटाला मैदान दिले. कोणाला हे आवडले, कोणाला नाही. पण या वादात मैदानाचा मालक, अर्जदार आणि निवाडा करणारा वेगवेगळे होते.

मात्र सगळ्या चाव्या न्यायसंस्थेच्या हातात आहेत असे मुळीच नाही. उच्च न्यायालयाला नवी इमारत हवी आहे, कारण १८७८ ची वास्तू कधीच अपुरी पडली. ती खाडीपलीकडे वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जमिनीवर होणार आहे. जमीन राज्य सरकारची, बांधकामाचा पैसा राज्य सरकारचा. जमिनीचे हस्तांतर इतके रेंगाळले की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तारखांवर तारखा घेऊन सरकारकडे पाठपुरावा करावा लागला. पायाभरणी २०२५ मध्ये झाली.